मिळून आली नाही

डिंकरावांना खरं नाव होतं, पण ते फक्त पगारपत्रकावर. एरवी कोर्टातल्या शिपायापासून मोठ्या कारकुनापर्यंत सगळे त्यांना डिंकरावच म्हणत. ते बेलीफ होते. कोर्टाचा कागद ज्याच्या नावाने निघालाय त्या माणसाला हुडकून काढायचं, तो त्याच्या हातात ठेवायचा आणि सही घेऊन परत यायचं, हे त्यांचं काम. याला कोर्टात बजावणी म्हणतात. माणूस दारच उघडत नसेल तर कागद दारावर डकवायचा, म्हणून पिशवीत कायम डिंकाची बाटली. शिवाय एकदा कुणाच्या मागे लागले की ते सुटायचे नाहीत, असं दोन्ही बाजूंनी ते नाव त्यांना चिकटलेलं होतं.

लोकांची एक ठाम समजूत असते की कागद हातात घेतला नाही म्हणजे खटला होत नाही. या समजुतीपायी भलीभली माणसं न्हाणीघरात लपतात. एका गृहस्थांनी तर स्वतः दार उघडून, अंगात बनियन आणि तोंडात ब्रश असताना, आपण परगावी गेल्याचं डिंकरावांना सांगितलं होतं. कधी येणार, असं डिंकरावांनी विचारल्यावर ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, मी घरी कळवलेलं नाही. अशा माणसांना कोण समजावणार, की बाबा रे, तू लपलास म्हणून कोर्ट थांबत नाही. ते दुसऱ्याचं ऐकतं आणि निकाल देऊन मोकळं होतं. बेलिफाच्या अहवालात एक ठरलेली ओळ असते, 'सदर इसम मिळून आला नाही'. अशा ओळी दोन-तीनदा साठल्या की कुठल्यातरी जुन्या दारावर कागद डकवून काम पुढे जातं. मग हेच लोक डोकं धरून बसतात की आम्हाला कुणी विचारलंच नाही.

डिंकरावांची स्वतःची एक युक्ती होती आणि तिचा त्यांना बराच अभिमान होता. ते कागदावरच्या नावाने कधी हाक मारत नसत. पूर्ण नावाने हाक आली की माणूस सावध होतो, इकडेतिकडे बघतो, नव्हेच मी म्हणतो. पण घरचं नाव पाठीमागून कानावर पडलं की तो आधी ओ देतो आणि मग विचार करतो. म्हणून बजावणीला निघण्याआधी ते कुणा नातेवाइकाकडे बसायचे, पाणी मागायचे, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचे आणि लहानपणी याला घरात काय म्हणायचे, एवढं हळूच काढून घ्यायचे. बंड्या, ढोल्या, छकुली अशा हाकांनी त्यांनी मोठमोठे मासे गळाला लावले होते. त्यांची बायको म्हणायची, "अख्खं जग हुडकता, आणि स्वतःचं नखं कापायचं यंत्र महिनाभर सापडत नाही." यावर त्यांचं उत्तर असं, की त्या यंत्राला घरचं नाव नाही.

तर एके दिवशी त्यांच्याकडे दत्तकाच्या अर्जातली नोटीस आली. एका जोडप्याने एक मुलगी दत्तक घेण्याची परवानगी मागितली होती. मुलगी आठ वर्षांची. अर्ज करणारी बाई मुलीच्या आईची सख्खी थोरली बहीण, आणि नोटीस धाकटीच्या, म्हणजे जन्म देणाऱ्या आईच्या नावाने. तिने येऊन हो किंवा नाही सांगायचं होतं. अर्जात दिलेला पत्ता जुना असावा असं डिंकरावांना नुसतं बघूनच वाटलं, म्हणून ते आधी थोरलीकडे गेले.

औषधाच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर होतं. दुकान त्यांचंच. नवरा खाली गल्ल्यावर बसलेला, वर बैठकीत अर्धं सामान खोक्यांत भरलेलं. नवऱ्याच्या भावाने दूरच्या एका शहरात मोठं दुकान घेतलं होतं आणि सगळं बिऱ्हाड तिकडे हलणार होतं. परीक्षा झाली की निघायचं, आणि तिथल्या शाळेत नाव घालताना आईवडिलांचे कागद लागतील, म्हणून हा अर्ज. थोरली चाळिशीची, कामाला वाघ अशी बाई दिसत होती. बोलता बोलता ती खोक्यांना चिकटपट्टी लावत होती आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहीत होती.

"तुमच्या बहिणीचा पत्ता हाच का?" डिंकरावांनी विचारलं.

"आमच्याकडे तरी हाच आहे. तिचं काही खरं नाही हो. आज इथे, उद्या तिथे. लहानपणापासून पायाला भिंगरी. आम्ही तिला भिंगरीच म्हणायचो."

डिंकरावांनी नाव मनात टिपून घेतलं, पाणी प्यायले आणि निघाले. काम अर्धं झालं, असं त्यांना वाटलं.

पत्त्यावर जाऊन बघतात तर त्या खोलीत रेडिओ दुरुस्त करणारा एक म्हातारा राहत होता. आधी तिथे बाई राहायची की बोका, त्याला काही ठाऊक नव्हतं. डिंकरावांनी अहवाल लिहिला, मिळून आली नाही. थोरलीकडून वकिलामार्फत दुसरा पत्ता आला. तिथे तर इमारतच नव्हती. जागेवर गाड्या उभ्या करायचं पटांगण होतं आणि राखणदार म्हणाला की इमारत पडून जमाना झाला. डिंकराव बराच वेळ त्या पटांगणात उभे राहिले. माणूस चुकून जुना पत्ता देतो, हे त्यांना मान्य होतं. पण न सापडणारा पत्ता असा निवडून निवडून कुणी चुकून देत नाही. इतक्या वर्षांत लपणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते. जिने अर्ज केला तिलाच माणूस सापडायला नको आहे, हे मात्र क्वचितच पाहिलं होतं.

ते पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले. या खेपेला शाळा सुटून मुलगी घरी आलेली होती. गणवेश काढून तिने निळा फ्रॉक घातला आणि पाठीमागची गुंडी लावून घ्यायला आईकडे पाठ करून उभी राहिली. थोरलीने बोलणं न थांबवता, न बघता गुंडी लावली. डिंकरावांचं लक्ष गेलं ते कॉलरच्या आतल्या बाजूला. तिथे लाल दोऱ्याचे बारीक टाके होते, दोन आडवे आणि त्यांवर एक उभा.

"छान आहे फ्रॉक," ते म्हणाले.

"दर वाढदिवसाला एक येतो," मुलगी म्हणाली. "टपालाने. कोण पाठवतं ते गुपित आहे. आई म्हणते, असं नाव न सांगता देणारी माणसं असतात."

थोरलीने मुलीला दूध प्यायला आत पाठवलं आणि डिंकरावांना घेऊन बाहेर जिन्यावर आली. दार ओढून घेतलं. मग ती जी बोलली ते अगदी हळू, पण आडपडदा न ठेवता.

"काका, मिळाली नाही असं लिहून टाका ना. आधी लिहिलंत, आता आणखी एकदा. एक ओळ तर लिहायची. तुमचं काय जातं?"

"ती याच शहरात आहे ना?"

"असेल. मला नक्की माहीत नाही, आणि मी शोधलंही नाही. तुमच्याशी कशाला खोटं बोलू." तिने कठड्याला घट्ट धरलं. "दोन महिन्यांसाठी म्हणून ठेवून गेली होती. पोरीचा बाप तर आधीच पळालेला. पोरीचा पहिला दात, पहिली शाळा, कांजिण्या, सगळं मी काढलंय. तिला काही माहीत नाही. माझ्या पोटची नाही हेही माहीत नाही. उद्या बहीण आली आणि नाही म्हणाली, तर? मी या पोरीला काय सांगू, की मी तुझी कोण?"

"आधी भेटायला यायची का ती?"

"यायची. पोर तिला बघून भेदरायची, माझ्या मागे लपायची. मग मीच म्हटलं, काही दिवस येऊ नकोस, तिच्या डोक्यात गोंधळ होतो." तिने ओढलेल्या दाराकडे बघितलं. "ते काही दिवस मीच संपू दिले नाहीत."

डिंकरावांनी पिशवी खांद्याला लावली. ते जिना उतरले. खाली गल्ल्यावरच्या नवऱ्याने त्यांना नमस्कार केला. त्या भल्या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी भीती होती की डिंकरावांना त्याच्याकडे बघवेना.

घरी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कोर्टातल्या गोष्टी घरी बोलू नयेत असा नियम आहे, आणि तो पाळणारा बेलीफ अजून जन्माला यायचाय. बायको भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"जिने नाक पुसलं ती आई. संपलं. तुम्ही लिहून टाका."

"अगं, पण विचारायला नको का तिला?"

"कशाला? विचारलं की बाई नाही म्हणणार. कुणीही नाहीच म्हणेल. मग पोरीची ओढाताण. तुमचा तो कागद पोचला नाही म्हणून कुणाचं काही बिघडणार नाहीये."

"जिच्या पोरीचा निकाल लागायचाय, तिचं बिघडेल."

"मग जा," बायको म्हणाली आणि पुन्हा सुरी हातात घेतली. "पण घर मोडलं तर मला येऊन सांगू नका."

बायकोचं म्हणणं डिंकरावांना पटत होतं, हीच अडचण होती. थोरली काही दुष्ट बाई नव्हती. तिने केलं ते जीव लावून केलं होतं. पण कुणाच्या पोटचं पोर त्याला न विचारता, त्याच्या पाठीमागे, आपल्या एका खोट्या ओळीच्या आधाराने दुसऱ्याच्या नावावर व्हावं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. ती खोटी ओळ लिहिणारा हात आपला असणार, ही टोचणी तर होतीच.

सकाळी ते गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे गेले. लाल दोऱ्याचे टाके कागदावर काढून दाखवले. इस्त्रीवाल्याने कोळशाची राख झटकत एकदाच बघितलं.

"धुलाईची खूण आहे. ज्याची त्याची खूण ठरलेली असते, नाहीतर कपड्यांची सरमिसळ होईल. ही बसडेपोच्या मागच्या मोठ्या लाँड्रीची. इस्पितळांच्या चादरी धुतात ते."

डिंकराव तिथून निघाले ते मनाशी बोलतच, की फ्रॉक पाठवणारी ती जन्म देणारी आईच. दुकानातून कोरा फ्रॉक आणायचा, त्यातली खळ जावी, पोरीच्या अंगाला टोचू नये म्हणून आपल्या हाताने धुवायचा, इस्त्री करायची. आणि हाताला इतकी सवय की धुवायला टाकण्याआधी खुणेचे टाके घालायचे, आणि पाठवताना ते उसवायचं विसरायचं. ज्या बाईने आपला पत्ता कुणालाही कळू दिला नव्हता, तिने तो दरवर्षी कॉलरीत शिवून पाठवला होता.

लाँड्री म्हणजे लांबच लांब पत्र्याची शेड होती. आत मोठाली यंत्रं घरघरत होती, तापलेल्या रुळांमधून चादरी सपाट होऊन बाहेर पडत होत्या आणि दोन-दोन बायका दोन टोकं धरून त्यांच्या घड्या घालत होत्या. वाफेने समोरचं धड दिसत नव्हतं. दाराशी मुकादमबाई होती, कमरेवर हात ठेवून. डिंकरावांनी पूर्ण नाव सांगितलं.

"अशी कुणी नाही इथे."

"बरं," डिंकराव म्हणाले. "नसेल. मी जरा दम खातो आणि जातो."

त्यांनी टोपी काढली, घाम पुसला, आणि छातीत हवा भरून, त्या सगळ्या गोंगाटावर आवाज चढवून हाक मारली, "भिंगरी, ए भिंगरी."

शेजारी उभ्या असलेल्या मुकादमबाईला ती धड ऐकू गेली नसेल. पण शेडच्या पार टोकाला एका चादरीचं एक टोक खाली पडलं. "ओ," असा आवाज आला आणि वाफेतून एक तिशीची, हडकुळी, ओल्या बाह्यांची बाई धावत आली. तिचा चेहरा असा उजळलेला होता की डिंकरावांनी आपल्या उभ्या नोकरीत बजावणीच्या वेळी असा चेहरा बघितला नव्हता. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. त्यांच्या खांद्यावरून, दाराबाहेर बघत होती.

"ताई आलीय?" तिने विचारलं. "कुठंय ताई?"

डिंकरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. या युक्तीने त्यांनी ठग पकडले होते, बुडवे पकडले होते, आणि प्रत्येक वेळी मनात आपली पाठ थोपटली होती. ही हाक मारायचा आपल्याला काय हक्क होता, असं त्यांना आज पहिल्यांदा वाटलं.

"ताई नाही आल्या. मी कोर्टातून आलोय."

तिचा चेहरा मावळला. तिने ओले हात कमरेच्या फडक्याला पुसले, पुसतच राहिली.

"पोर टाकून गेले म्हणून ना? मला माहीत होतं कधीतरी होणार. मागे एकजण खोलीवर चौकशी करत आला होता. मी तेव्हाच खोली बदलली."

"तो मी नव्हतो."

"नंतर कळलं, वीजमीटर बघायला आला होता."

हसू आवरणं डिंकरावांना कठीण गेलं, आणि लगेच वाईटही वाटलं. मुकादमबाईने काही न विचारता दोघांना कपड्यांच्या गाठोड्यांच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. तिथे जरा शांत होतं. डिंकरावांनी नोटीस तिच्या हातात दिली. ती वाचत असताना तेही सांगत गेले, की हा गुन्हाबिन्हा नाही. ताई आणि भावोजी मुलीला दत्तक घ्यायचं म्हणतात. ते दुसऱ्या शहरात जाणार आहेत. कोर्ट तुम्हाला विचारतंय, तुमची हरकत आहे का.

तिने कागद दोनदा वाचला.

"पत्ता तिने दिला माझा?"

डिंकरावांनी पिशवीचे बंद आवळले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगवत नव्हतं.

"म्हणजे नाव दिलं आणि पत्ता नाही दिला," ती म्हणाली. "काका, मी नसते सापडले तर काय झालं असतं?"

"काम तुमच्याशिवाय पुढे गेलं असतं."

"आणि ते गेले असते."

"हो."

ती उठून उभी राहिली. इतका वेळ दबलेली ती बाई एकदम ताठ झाली. "माझ्या पोटची आहे ती. मी दोन महिन्यांसाठी ठेवली होती. मी आले की पोर रडते म्हणाली, म्हणून गेले नाही. शाळेच्या फाटकासमोर लांब उभी राहते, पण जवळ जात नाही. आणि हिने मला न विचारता कागद केले? मी येणार कोर्टात. आणि सांगणार, देत नाही म्हणून. कुठे सही करू?"

डिंकरावांनी बोट ठेवलं तिथे तिने सही केली. इतकी दाबून, की कागद फाटायचाच बाकी होता.

अहवालात त्यांनी लिहिलं, मिळून आली. घरी बायकोने तोंडावरून ओळखलं आणि पाठ फिरवली. पुढचे दिवस डिंकराव दुसरे कागद घेऊन हिंडत होते, पण मन ठिकाणावर नव्हतं. एका माणसाला तर दुसऱ्याचीच नोटीस देऊन बसले असते. त्या निळ्या फ्रॉकमधल्या पोरीला आता तिच्या अंथरुणातून उठवून नेतील आणि ते आपल्यामुळे, असं त्यांच्या मनात सारखं येत होतं. आपण बरोबर केलं याची त्यांना खात्री होती. पण त्या खात्रीने जिवाला कसलाही आराम मिळत नव्हता.

तारखेच्या दिवशी डिंकरावांचं त्या खोलीत काही काम नव्हतं. तरी ते पिशवी घेऊन व्हरांड्यात घुटमळत राहिले. बाकावर थोरली, तिचा नवरा आणि मध्ये मुलगी बसली होती. थोरलीने डिंकरावांकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग होता, आणि रागाच्या खाली अक्षरशः काकुळती होती. धाकटी आली ती नळाजवळच्या खांबाआड थांबली. अंगावर बहुधा तिचा एकमेव चांगला कपडा होता, कडक इस्त्रीचा. ती बाकाकडे बघत होती आणि डिंकराव तिच्याकडे.

बाकावर काही विशेष घडत नव्हतं. पोर कंटाळली होती. तिने न बघता हात पुढे केला आणि थोरलीने न बघता पाण्याची बाटली झाकण उघडून त्या हातात दिली. पोर प्यायली, बाटली परत हवेत धरली, ती पडण्याआधी थोरलीचा हात तिथे होताच. मग पोरीने थोरलीच्या मांडीवर डोकं टाकलं, अगदी उशीवर टाकावं तसं. थोरलीचं सगळं लक्ष आत कोर्टाच्या दाराकडे होतं, ओठ पांढरे पडले होते, पण तिची बोटं आपोआप पोरीच्या केसांतून फिरायला लागली. धाकटी ते सगळं बघत होती. तिने एकदा आपले हात समोर धरून बघितले. सोड्याने आणि वाफेने त्यांची सालं निघालेली होती.

शिपायाने पुकारा केला. धाकटीचं पूर्ण नाव व्हरांड्यात घुमलं. ती जागची हलली नाही. दुसरा पुकारा झाला. थोरलीने मान वर केली आणि आशेने इकडेतिकडे बघितलं. तिच्या तोंडावर ती आशा इतकी उघड होती की डिंकरावांनी मान खाली घातली. तिसरा पुकारा झाला तेव्हा धाकटी खांबाआडून निघाली आणि बहिणीच्या समोरून, तिच्याकडे न बघता, आत गेली.

मुलीला नवऱ्याजवळ ठेवून थोरलीही आत गेली. डिंकराव दाराला टेकून उभे राहिले.

न्यायाधीशबाई वयस्क होत्या आणि आवाज मऊ होता. अर्ज वाचला का, समजला का, असं त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "तुमची काही हरकत आहे?"

धाकटीने दोन्ही हातांनी समोरचा कठडा धरला होता.

"हरकत नाही," ती म्हणाली.

थोरलीच्या तोंडून हुंदका निघाला, तो तिने पदराने दाबला.

"कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर? नीट विचार करून सांगा. वेळ हवा असेल तर कोर्ट वेळ देईल."

"नाही. कुणी नाही आणला. मी नाही म्हणायलाच आले होते." मग ती पहिल्यांदा बहिणीकडे वळली. आवाज चढला नव्हता. "ताई, तू विचारलं असतंस ना, तर घरीच हो म्हटलं असतं. रडले असते, भांडले असते, पण हो म्हटलं असतं. तू विचारलंच नाहीस गं." पुन्हा समोर बघत ती म्हणाली, "बाई, मी आले होते एवढं लिहून घ्या. आई हरवली होती म्हणून दिली, असं नको. मी आले होते, आणि दिली."

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग कारकुनाला म्हणाल्या, "त्या म्हणाल्या तसंच घ्या. शब्दन् शब्द."

डिंकराव तिथून व्हरांड्यात आले आणि उगीचच पिशवीतले कागद खालीवर करत बसले. डोळ्यांपुढची अक्षरं त्यांना लागत नव्हती.

थोड्या वेळाने दोघी बहिणी बाहेर आल्या. एकापाठोपाठ एक, मध्ये हातभर अंतर. पोर उडी मारून उठली आणि थोरलीला बिलगली. मग तिने धाकटीकडे निरखून बघितलं.

"आई, ह्या कोण?"

थोरलीने नवऱ्याकडे बघितलं, त्याने जमिनीकडे बघितलं. धाकटी गुडघ्यांवर बसली. पोरीची उंची आणि तिची उंची एक झाली.

"मी मावशी," ती म्हणाली. "तुझी मावशी."

"खरी मावशी?"

"अगदी सख्खी."

"मग तू आमच्याकडे कधीच कशी आली नाहीस?"

"पत्ता सापडत नव्हता गं मला."

"एवढंच ना," पोर म्हणाली. शाळेत पाठ करून घेतलेला पत्ता ती घडाघडा म्हणायला लागली, औषधाच्या दुकानाच्या वर, तिसरा मजला, आणि मध्येच थांबली. "पण तिथून तर आम्ही जाणार. नव्या घराचा मला अजून येत नाही. आईला येतो. आई, मावशीला सांग ना."

थोरली भिंतीला टेकून उभी होती. तिने डोळे पुसले. मग ती बहिणीच्या शेजारी खाली बसली, आणि घराचा क्रमांक, इमारत, रस्ता, खूण असा सगळा पत्ता सावकाश सांगू लागली. धाकटीला लिहून घ्यायला काही सापडेना, म्हणून ती प्रत्येक शब्द पाठोपाठ म्हणत होती, आणि जिथे चुकत होती तिथे थोरली तिला थांबवून पुन्हा सांगत होती.